हुकमी चित्रे

दिवाळी अंकाच्या चित्रकाराची दिवाळी आषाढातच सुरू होते. बाहेर पाऊस कोसळत असतो, कागद सर्दावलेला असतो आणि आम्ही मात्र टेबलापाशी बसून पणत्या लावीत असतो! संपादकांचा निरोप आलेला असतो: तबक घेतलेली स्त्री हवी, वरती अंकाच्या नावापुरती जागा मोकळी हवी, आणि चित्र सोमवारी हवे.

"मग यात तुमचे स्वतःचे असे काय राहिले हो?" असे एका स्नेह्यांनी मला विचारले. प्रश्नामागे एक जुनी समजूत आहे. मनाला येईल ते काढतो तो कलावंत, आणि सांगितलेले काढतो तो कारागीर!

आता दीनानाथ दलालांचेच पाहा. १९४५ साली त्यांनी 'दीपावली' हा स्वतःचा अंक काढला. पण इतरांच्या पुस्तकांनाही त्यांनी असंख्य मुखपृष्ठे दिली. प्रत्येक पुस्तकाचा विषय निराळा, प्रकाशकाची मागणी निराळी. तरी हे दलालांचे, हे वाचकाने सही न पाहता ओळखावे!

अडचणीही चित्रकाराला घडवितात. त्या काळी मजकुरातील चित्रे बहुधा लाइन-ब्लॉकने छापीत. त्या ब्लॉकला काळे आणि पांढरे एवढेच ठाऊक. मधला करडा रंग त्याला छापता येत नसे. सावली हवी तर बारीक रेघा शेजारी शेजारी ओढा, नाहीतर ठिपके द्या. त्यातही कागद हलका असला, की रेघा एकमेकींत मिसळून नुसता डाग पडायचा. म्हणून चित्रकार थोडक्या, ठाम रेघांत बोलायला शिकले.

कथाचित्राचे काम याहून नाजूक. कथा हाती आली की मी ती आधी पेन्सिल बाजूला ठेवून वाचतो. दुसऱ्या वाचनात प्रसंग निवडतो. शेवट कधी काढायचा नाही, तो लेखकाचा. नायिका पत्र वाचून रडली असे लेखकाने लिहिलेलेच असेल, तर रडणारी नायिका काढून मी नवे काय दिले? पत्र अजून फोडलेले नाही, पण तिने दार मात्र लावून घेतले आहे, तो क्षण माझा. स्नेह्यांच्या प्रश्नाला माझे उत्तर हेच: जे कोणी सांगितलेले नसते, तेथे माझी जागा असते.

मात्र तो क्षण सोमवारच्या आत सुचायचा, तर गाठीशी काही जमलेले लागते. मारिओ मिरांडांनी तरुणपणी, कोणी मागितलेले नसताना, चित्रांच्या डायऱ्या भरल्या. १९४९ ते १९५१ या वर्षांच्या डायऱ्या पुढे पुस्तकरूपाने आल्या. पुढच्या मारिओची ती प्रसिद्ध गर्दी त्यांत आधीच जमू लागलेली दिसते.

मीही रोज सकाळी आदल्या दिवशी पाहिलेले एक पानभर रेखाटतो. लोकलची कडी धरलेला हात, भाजीवालीने खोचलेला पदर, दाराशी निथळणारी छत्री. ही पाने विकायची नसतात. पण सहा महिन्यांनी एखाद्या कथेतला कारकून तोच हात वर करून उभा राहतो. मागणी आली म्हणजे हात कामाला लागतो खरा. तो तयार होतो तो मागणी नसलेल्या दिवसांत.

तुमच्या घरी चित्रे काढणारे मूल असेल, तर त्याला पाठकोरे कागद भरपूर द्या आणि काय काढतोस ते विचारू नका. अधूनमधून मात्र एखादी फर्माईश जरूर करा: आजीला पाठवायच्या भेटकार्डावर चित्र काढ, एवढ्याच जागेत काढ, आणि उद्या संध्याकाळपर्यंत दे. ते त्याने आणून दिले, की चुका दाखविण्याआधी एक करा. तुम्ही सांगितले नव्हते असे त्याने त्यात काय घातले आहे, ते आधी शोधा.