प्रगतिपत्रक नेमके कोणासाठी?

माध्यमिक शाळेच्या सत्राअखेरीस विद्यार्थ्याच्या हाती पडणाऱ्या प्रगतिपत्रकाचा मजकूर गेल्या पंधरा वर्षांत अनेकदा बदलला. गुण गेले, श्रेणी आल्या, श्रेणींसोबत वर्णनात्मक नोंदी आल्या, पुन्हा परीक्षांना महत्त्व आले. या बदलांवर वेळोवेळी भरपूर चर्चाही झाली. मात्र एका बदलाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. या पत्रकाचा वाचकच बदलला आहे. एकेकाळी वर्गशिक्षक ते पालकासाठी लिहीत असत. आता ते प्रामुख्याने वरच्या कार्यालयासाठी भरले जाते आणि पालकाला त्याची प्रत मिळते.

एप्रिल २०२५ मधील वादाने ही बाब ठळकपणे पुढे आली. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने त्या वर्षी पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकानुसार, ८ ते २५ एप्रिल या काळात घेण्याचे ठरविले. शाळा मार्चअखेरीस किंवा एप्रिलच्या आरंभी परीक्षा उरकतात, मग मुले येत नाहीत आणि अध्यापनाचे दिवस वाया जातात, हे त्यामागचे कारण. ते अगदीच चुकीचे नव्हते. पण महाराष्ट्र दिनी, १ मे रोजी, ध्वजवंदनानंतर निकाल देण्याची राज्यातील अनेक शाळांची जुनी प्रथा आहे. शेवटचा पेपर शुक्रवारी २५ तारखेला संपला, तर निकालासाठी मधला रविवार धरून पाच दिवस उरतात. साठ-साठ विद्यार्थ्यांच्या चार तुकड्या शिकविणाऱ्या शिक्षकाच्या वाट्याला शेवटच्या दिवसाचा विषय आला, तर या पाच दिवसांत २४० उत्तरपत्रिका तपासायच्या, गुणतक्ते करायचे आणि प्रगतिपत्रके लिहायची. मुख्याध्यापक व शिक्षक संघटनांनी विरोध केला तो या मुद्द्यावर आणि विदर्भातील उन्हाच्या मुद्द्यावर. वादाचा सारा रोख तारखांवर राहिला. इतक्या घाईत लिहिलेल्या पत्रकातून पालकाला काय कळणार, हा प्रश्न मागे पडला.

वरच्या कार्यालयाला मात्र हवे ते मिळत होते. नियतकालिक मूल्यांकन चाचण्यांचे भाषा, गणित व इंग्रजीचे गुण पुण्याच्या विद्या समीक्षा केंद्राकडे चॅटबॉटद्वारे भरावे लागतात. राज्यात कोणत्या जिल्ह्यात कोणता विषय कच्चा आहे, हे धोरण आखणाऱ्यांना समजणे गरजेचेच आहे. त्यास आक्षेप घेण्याचे कारण नाही. अडचण शिक्षकाच्या वेळेची आहे. माहिती भरण्याला मुदत असते आणि मुदत चुकली की विचारणा होते. पालकाशी बोलण्याला मुदत नसते आणि ते राहून गेले तरी कोणी जाब विचारत नाही. अशा स्थितीत कोणते काम आधी होईल, हे सांगायला नको.

वर्णनात्मक नोंदींचे असेच झाले. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत स्वीकारली. आठवीपर्यंत आकारिक आणि संकलित असे दोन प्रकारचे मूल्यमापन आणि त्याच्या जोडीला ‘विशेष प्रगती’, ‘आवड, छंद’ व ‘सुधारणा आवश्यक’ असे रकाने आले. कल्पना उत्तम होती. मुलाकडे नीट पाहिल्याशिवाय हे रकाने भरता येऊ नयेत, असा तिचा हेतू होता. काही काळातच तयार नोंदींच्या याद्या पुस्तिकांतून आणि संकेतस्थळांवरून मिळू लागल्या. ‘सुविचार संग्रह करतो’, ‘गटकार्यात उत्साहाने भाग घेतो’ यांसारखी वाक्ये जिल्ह्याजिल्ह्यांतील पत्रकांवर एकाच घडणीत उमटू लागली. याचा दोष शिक्षकाच्या आळसावर ढकलणे सोपे आहे. पण साठ मुलांच्या वर्गात प्रत्येक विषयाला प्रत्येक मुलाबद्दल दोन सत्रांत स्वतंत्र निरीक्षण नोंदवायचे, तर ती नोंद तपासणीसाठी आहे हे शिक्षकाने ओळखले आणि तपासणीला पुरेल इतकेच लिहिले.

आठवीपर्यंत कोणालाही त्याच वर्गात ठेवायचे नाही, या तरतुदीमुळे माध्यमिक शाळेत नववी हा पहिला खरा अडथळा ठरला. २०१९ मध्ये केंद्राने कायद्यात दुरुस्ती केली. त्यानुसार राज्याने २०२३-२४ पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणली. अनुत्तीर्णांना फेरपरीक्षेची संधी आहे, तीतही अपयश आले तर त्याच इयत्तेत राहावे लागते. तरी नववीचे महत्त्व कमी झालेले नाही. शाळेची प्रतिष्ठा दहावीच्या निकालावर ठरते आणि दहावीला कोण बसणार, हे नववीच्या दुसऱ्या सत्राखेरीस ठरते. कच्च्या विद्यार्थ्याला नववीतच अडवायचे किंवा बाहेरून १७ नंबरचा अर्ज भरण्याचा सल्ला द्यायचा, ही वाट शिक्षणक्षेत्रात कोणाला अपरिचित नाही.

शाळेने सत्राखेरीस दिलेल्या गुणांवर व्यवस्थेचा विश्वास किती, हे दोन प्रसंगांत दिसले. २०१९ च्या दहावी परीक्षेत भाषा विषयांचे शाळेकडील तोंडी परीक्षेचे वीस गुण काढून टाकण्यात आले. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली, अंतर्गत गुण परत आले आणि २०२० मध्ये निकाल ९५.३० टक्के लागला. खैरातीच्या गुणांचा मुद्दा तेव्हा गाजला आणि विरलाही.

दुसरा प्रसंग अधिक बोलका आहे. करोनामुळे २०२१ मध्ये दहावीची परीक्षाच झाली नाही. निकाल लावण्यासाठी सूत्र ठरले ते असे : नववीच्या निकालाचे ५० गुण, दहावीच्या वर्षभरातील अंतर्गत मूल्यमापनाचे ३० आणि तोंडी, प्रात्यक्षिक वगैरेंचे २०. ही तुकडी नववीत होती २०१९-२० मध्ये आणि त्या वर्षीची दुसऱ्या सत्राची परीक्षाही टाळेबंदीमुळे रद्द झाली होती. म्हणजे नववीचा निकाल मुख्यतः प्रथम सत्रावर आणि शाळेतील अंतर्गत कामावर लागला होता. दिवाळीच्या सुटीपूर्वी, एक घटक राहिला तर राहिला म्हणून मुलांनी दिलेले पेपर दोन वर्षांनी दहावीच्या गुणपत्रिकेत उतरले. अकरावीसाठी सामायिक प्रवेश परीक्षा घेण्याचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केल्यावर महाविद्यालयातील प्रवेशही याच गुणांवर झाले. त्या वर्षीचा निकाल होता ९९.९५ टक्के. ज्या नोंदींकडे एरवी कोणी ढुंकून पाहत नाही, त्यांच्यावरच एका वर्षी साऱ्या राज्याला विसंबावे लागले. त्या कितपत नेटक्या होत्या, याची तपासणी करावी असे नंतर कोणाला वाटले नाही.

शाळेचे सामूहिक जीवन तर या पत्रकात जवळजवळ नाहीच. स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा, हस्तलिखित, भित्तिपत्रक, गणेशोत्सव, दहावीचा निरोप समारंभ यांतून माध्यमिक शाळा मुलांना एकत्र काम करायला शिकविते. ग्रामीण भागात अनेक शाळा उभ्या राहिल्या त्या गावकऱ्यांनी दिलेल्या जागेवर आणि श्रमदानावर. रयत शिक्षण संस्थेचा इतिहास त्याची साक्ष आहे. आजही बाके, पाण्याची टाकी, संगणक यांसाठी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याकडे पाहावे लागते, कारण वेतनेतर अनुदानाची ओढाताण संपत नाही. या सगळ्याची पत्रकात नोंद होते ती कला, शारीरिक शिक्षण अशा विषयांच्या श्रेणीपुरती. दहावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, चित्रकलेच्या श्रेणी परीक्षांनाही मिळतात. त्यामुळे पालक त्यांची चौकशी करतात. संमेलनात पडद्यामागे राबणारा, तीनशे खुर्च्या मांडून पुन्हा उचलणारा विद्यार्थी कोणत्या रकान्यात बसवायचा, हे ठरलेले नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सुचविलेले समग्र प्रगतिपत्रक ही उणीव भरून काढू पाहते. शिक्षकाबरोबर स्वतः विद्यार्थ्याने आणि त्याच्या सहाध्यायांनीही मूल्यमापन करावे, असे त्यात आहे. खुर्च्या कोणी उचलल्या हे वर्गातील मुलांना पक्के ठाऊक असते. तेव्हा ही सूचना मोलाची आहे. परंतु तिच्यासोबत वेळ आणि मनुष्यबळ आले नाही, तर सहाध्यायांचे अभिप्रायही तयार यादीतून उतरविले जातील. २०१० चा अनुभव अद्याप फार जुना झालेला नाही.

या साऱ्यात प्रत्यक्ष नुकसान कोणाचे होते, हे पाहायचे तर बीड जिल्ह्याकडे पाहावे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, त्या परततात मार्च-एप्रिलमध्ये. सहामाही परीक्षा होते दिवाळीपूर्वी, पण तिचा निकाल बहुधा सुटीनंतर शाळा उघडल्यावर हाती दिला जातो. तोवर आईवडील फडात पोहोचलेले असतात. पत्रकावर सही किंवा अंगठा आजीचा असतो. शाळेच्या दिवशी सकाळी अकराला बोलावलेली पालकसभा या घरांसाठी झाली काय आणि न झाली काय, सारखेच.

प्रगतिपत्रकात महिनावार उपस्थितीचा एक रकाना असतो. गुणांच्या आणि श्रेणींच्या गर्दीत तो सहसा कोणी वाचत नाही. परंतु स्थलांतराच्या पट्ट्यात सर्वांत महत्त्वाची माहिती तीच. सप्टेंबरमध्ये बावीस दिवस येणारी नववीतली मुलगी ऑक्टोबरमध्ये नऊ दिवसच आली, याचा अर्थ धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी तिला सोबत नेण्याचे ठरते आहे, किंवा घरात लग्नाची बोलणी सुरू आहेत, असा असू शकतो. बालविवाहाच्या प्रश्नात हा जिल्हा राज्यात पुढच्या रांगेत आहे. ही आकडेवारी चॅटबॉटवर गेली तरी तिथून गावात कोणी येत नाही. वर्गशिक्षकाला ती दिसते आणि आईवडील गावात असतील तर त्याच आठवड्यात त्यांच्याशी बोलता येते.

त्यासाठी नवा शासननिर्णय लागत नाही. परीक्षेच्या तारखा वरून येऊ लागल्या असल्या, तरी प्रथम सत्राचे पत्रक कोणत्या दिवशी आणि किती वाजता पालकाच्या हाती द्यायचे, हे ठरविण्यास मुख्याध्यापकाला अजून बराच वाव आहे. टोळी हलण्याआधी, संध्याकाळी कामावरून घरी आलेल्या आईवडिलांना बोलावून, उत्तरपत्रिका पूर्ण तपासून झाल्या नसल्या तरी उपस्थितीचा रकाना भरून ते देता येते.