उकिरड्याचे पांग कधी फिटणार?

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे आले. जगदंबा मातेचे दर्शन आणि संत सेवालाल महाराजांच्या समाधीला वंदन झाल्यावर बंजारा विरासत संग्रहालयाचे लोकार्पण झाले. त्याच दिवशी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधील एकूण १९ मेगावॅट क्षमतेचे पाच सौरप्रकल्प राष्ट्राला अर्पण करण्यात आले. देशी गोवंशाच्या जनुकीय अभ्यासासाठी तयार झालेली ‘गौचिप’ही त्याच कार्यक्रमात देशापुढे आली. त्यापूर्वी अवघे पाच दिवस, ३० सप्टेंबर रोजी, महाराष्ट्र शासनाने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ असे घोषित केले होते. शेकडो वर्षे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरणाऱ्या बंजारा समाजाच्या काशीत गाय आणि सूर्य यांचा असा एकत्र सन्मान व्हावा, हा योग मोठा सुंदर होता.

मात्र या दोन सन्मानांची गावाच्या शिवारात गाठ पडते तेव्हा काय होते, याचा विचार व्हावयास हवा. गाय चरते गायरानात आणि सौरप्रकल्पाला हवी असते सपाट, सलग, मोकळी जमीन. गावाच्या नकाशावर अशी जमीन शोधू लागले की बोट पहिल्यांदा गायरानावरच पडते.

वऱ्हाडात गायरानाला आजही ‘ई-क्लास’ म्हणतात. शब्द इंग्रजी अमदानीतला आहे, व्यवस्था मात्र त्याहून कितीतरी जुनी. ज्याच्याकडे एक एकरही जमीन नाही, त्याची शेळी, त्याची गाय याच भूमीच्या आधारावर जगते. वाशीमसारख्या जिल्ह्यात हा आधार अलीकडे अधिकच मोलाचा झाला आहे. एकेकाळी येथे ज्वारीचा कडबा मुबलक असे. सोयाबीनने ज्वारीला मागे सारले आणि कडब्याची जागा कुटाराने घेतली. ते गुरे नाइलाजानेच खातात. पोळ्याला बैलजोड्या का कमी दिसतात, याची कारणे ट्रॅक्टरपाशी संपत नाहीत, ती चाऱ्यापर्यंत जातात.

येथे योजनेला दोष देण्याचा हेतू मुळीच नाही. रब्बीच्या हंगामात हरभऱ्याला पाणी देण्यासाठी रात्री बारा वाजता काळोखात मोटार चालू करावयास जाणारा शेतकरी, पायाखाली साप आणि अंगावर थंडी, हे चित्र महाराष्ट्राने दशकानुदशके पाहिले. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली ही योजना आली आणि २०२३ मध्ये तिचे दुसरे, अधिक व्यापक पर्व सुरू झाले. उद्दिष्ट १६,००० मेगावॅटपर्यंत वाढले. उपकेंद्राजवळची शासकीय जमीन नाममात्र भाडेपट्ट्याने, खाजगी जमिनीला हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे व त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ, आणि ज्या गावात प्रकल्प होईल त्या ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख याप्रमाणे तीन वर्षे अनुदान, असे तिचे स्वरूप आहे. इतक्या वेगाने एवढा विस्तार करणारी योजना देशात विरळाच.

उणीव एका ठिकाणी आहे. हे प्रोत्साहन जमिनीची प्रकृती विचारीत नाही. निकष आहेत ते उपकेंद्रापासूनचे अंतर, मालकी आणि सलगता यांचे. जमीन हिरवी आहे की राखेने मेलेली, तीवर गुरे चरतात की शहराचा कचरा जळतो, याने गुंतवणूकदाराला मिळणाऱ्या लाभात फरक पडत नाही. मग तो स्वच्छ गायरान सोडून उकिरड्याकडे का वळेल? त्याचा हिशेब चुकीचा नाही. हिशेबाचे आकडेच तसे मांडलेले आहेत. ग्रामपंचायतीला तीन वर्षांत १५ लाख मिळतात, प्रकल्पाचा करार मात्र २५ वर्षांचा असतो. उरलेली बावीस वर्षे गुराख्याने काय करावयाचे, हा प्रश्न अनुदानाच्या तक्त्यात बसत नाही. राज्यात काही गावांनी गायरानावरील प्रकल्पांना विरोध केला, त्याला विकासविरोधी म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. सार्वजनिक वापराच्या ग्रामभूमीचे रक्षण करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंह प्रकरणात दिला होता आणि त्याच वर्षी १२ जुलैला महाराष्ट्र शासनाने त्यानुसार निर्णयही काढला होता, याचे स्मरण असलेले बरे.

आता दुसऱ्या बाजूची जमीन पाहावी. १९९८ पर्यंत वाशीम ज्या अकोला जिल्ह्याचा भाग होता, त्या जिल्ह्यात बाळापूर तालुक्यात पारसचे औष्णिक वीज केंद्र आहे, २५० मेगावॅटचे दोन संच असलेले. भारतीय कोळशात ३० ते ४० टक्के राख असते. ती पाण्यात कालवून बांध घातलेल्या विस्तीर्ण तळ्यांत सोडतात. पारस, कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर ही विदर्भाची वीजकेंद्रे म्हणजेच विदर्भाची राखेची तळी. पाणी आटले की वैशाखाच्या वाऱ्यावर ही राख पिकांवर आणि माणसांच्या फुप्फुसांत उतरते. पावसाळ्यात धोका वेगळा असतो. १६ जुलै २०२२ रोजी नागपूरजवळ खसाळा येथील कोराडी केंद्राचा राखेचा बांध फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतांतून नदीपात्रात गेले. या जमिनीवर पीक नाही, घर नाही, चराई नाही. तिच्याशेजारी उच्चदाबाच्या वाहिन्या मात्र आधीच उभ्या आहेत. सौरप्रकल्पाला याहून सोयीची जागा कोणती?

दुसरा प्रकार कचऱ्याचा. वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर या नगरपरिषदा आणि मालेगाव, मानोरा या नगरपंचायती. गाव जसे वाढले तसा गावाबाहेरचा कचरा डेपोही वाढत गेला, हा सर्वच लहान शहरांचा अनुभव आहे. स्वच्छ भारत अभियानाच्या २०२१ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या पर्वात जुन्या कचऱ्याच्या निर्मूलनासाठी केंद्राकडून साहाय्य ठरले. कचरा चाळून माती, प्लास्टिक, दगड वेगळे होतात, ढीग नाहीसा होतो. पण मोकळ्या झालेल्या जागेचे पुढे काय, याचे उत्तर आधी ठरलेले नसेल तर तिथे पुन्हा कचराच येऊन पडतो, किंवा कोणाची तरी नजर.

अशा जमिनीवर प्रकल्प उभारणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, पण महाग आहे. कचऱ्याची भूमी असमान खचते, आत मिथेन वायू साचतो, वरचे मातीचे आवरण फोडून खांब रोवता येत नाहीत. त्यामुळे काँक्रीटच्या वजनदार ठोकळ्यांवर तावदाने बसवावी लागतात. राखेच्या तळ्यावर उडणारी धूळ तावदानांवर बसून वीज घटते, म्हणून आधी मातीचा थर आणि गवत हवे. मधला हा जो खर्चाचा फरक आहे, तोच भरून काढण्यासाठी शासकीय प्रोत्साहन असावयास पाहिजे.

जर्मनीत लाइपझिगजवळ एस्पनहाइन येथे दगडी कोळशाच्या नव्हे, तर लिग्नाइटच्या राखेच्या जुन्या जागेवर २००४ मध्येच ५ मेगावॅटचा प्रकल्प उभा राहिला. चेर्नोबिल अणुभट्टीच्या अगदी शेजारी २०१८ पासून एक मेगावॅट वीज सूर्यापासून मिळू लागली. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याने त्याच वर्षी आणलेली पद्धत आपल्याकडे अधिक उपयोगी आहे. तेथे कचराभूमीवरील विजेला युनिटमागे ४ सेंट, दूषित औद्योगिक जमिनीवरील विजेला ३ सेंट जादा मिळू लागले आणि हिरव्या मोकळ्या जमिनीवर प्रकल्प करणाऱ्याच्या दरातून एकरांच्या हिशेबाने कपात होऊ लागली. बक्षीस आणि दंड, दोन्ही एकाच दरपत्रकात! अमेरिकी संघराज्याने २०२२ मध्ये दूषित जागांसाठी जादा करसवलत दिली होती; २०२५ च्या कायद्याने सूर्य आणि वाऱ्याच्या सवलतीच आवरत्या घेतल्या. त्या देशाचे धोरण निवडणुकीगणिक हेलकावते, त्यामुळे त्याचे अनुकरण डोळे मिटून करण्याचे कारण नाही. घेण्याजोगी आहे ती केवळ दरपत्रकाची कल्पना.

यात एक धोका आहे आणि तो लहान नाही. विषारी जमिनीवर तावदाने अंथरून ‘हरित’ असा फलक लावला की मूळ पाप झाकले जाते. खालचे पाणी तसेच नासत राहते. केंद्र शासनाने २४ जुलै २०२५ रोजी दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले, ज्याने भूमी नासवली त्यानेच शुद्धीचा खर्च सोसावा हे त्यांचे सूत्र. पण कचराभूमी आणि खाणी या नियमांच्या कक्षेबाहेर, अन्य कायद्यांकडे सोपविल्या आहेत. म्हणून जादा दर देताना अट घालावी लागेल: आधी शुद्धी, भूजलाची तपासणी, मग वीज, आणि प्रदूषण करणाऱ्याच्या पदरात ते बक्षीस पडता कामा नये.

आक्षेप असा घेतला जाईल की एवढ्या दूषित जमिनी आहेतच कुठे? आक्षेप खरा आहे. मेगावॅटला चार ते पाच एकर धरले तर १६,००० मेगावॅटला ६४ ते ८० हजार एकर लागतात. राख आणि कचरा मिळून ही गरज भागणार नाही. खाजगी पडीक जमीन भाड्याने घ्यावीच लागेल. प्रश्न क्रमाचा आहे. आधी नासलेली, मग नापीक, आणि सर्वांत शेवटी, गत्यंतर नसेल तरच, ग्रामसभेच्या खुल्या संमतीने गायरान. तेही घेतले तर तावदाने उंच बसवून खाली मेंढ्या चरू देण्याची अट करारात हवी. वाशीमसारख्या शहराच्या डेपोची पाच एकर जागा मोकळी झाली तरी एक मेगावॅट, म्हणजे वर्षाला सुमारे १५ लाख युनिट वीज मिळेल. पाच अश्वशक्तीचे अडीचशेच्या आसपास पंप भर दुपारी एकाच वेळी चालतील, किंवा नगरपरिषदेच्या पाणीपुरवठ्याच्या वीजबिलाला मोठाच हातभार लागेल.

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असे आपल्याकडे म्हणतात. नीती आयोगाने २०१८ मध्ये वाशीमला आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घेतले, तेव्हापासून येथे किती गोष्टींच्या याद्या झाल्या! ई-क्लासची यादी तर पूर्वीच्या तलाठ्यांच्या आणि आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांच्या दप्तरात गट क्रमांकासह तयारच असते, म्हणून ती चटकन पुढे येते. २०२५ च्या नियमांनी संशयित दूषित जागांची माहिती दर सहा महिन्यांनी कळविण्याचे काम जिल्हा प्रशासनावर सोपविले आहे. त्याच कागदाला कचरा डेपोंची एक पुरवणी जोडून ती महावितरण आणि महाऊर्जेच्या टेबलावर, ई-क्लासच्या यादीच्या वर, ठेवावयास कोणताही नवा कायदा लागत नाही.