रॅम्पवर ऑटोमॅटिक गाडी लावताय? नुसत्या ‘पी’वर भरवसा नको

कळमन्यातल्या लेआउटमध्ये घराचं जोतं उंच आणि फाटकापुढे रॅम्प, हे चित्र नेहमीचं. या चढावर ऑटोमॅटिक गाडी ‘पी’त टाकून थेट उतरण्याची सवय आता सोडायला हवी.

कारण काय?
‘पी’ टाकला की गिअरबॉक्समधली एक छोटी धातूची खिट्टी दातेरी चाकात अडकते. हँडब्रेक ओढलेला नसेल, तर गाडीचा सगळा भार तिच्यावर येतो. सकाळी गिअर अडतो, ‘खट्’ आवाज होतो, तो यामुळेच.

क्रम असा ठेवा
पायाचा ब्रेक दाबून ‘एन’ टाका, हँडब्रेक ओढा. ब्रेकवरचा पाय हळूच सैल करून गाडी हँडब्रेकवर स्थिरावू द्या. पुन्हा ब्रेक दाबून ‘पी’ टाका. निघताना ब्रेक दाबून आधी ‘पी’ काढा, मग हँडब्रेक सोडा.

एएमटी असेल तर?
बहुतेक एएमटी गाड्यांत ‘पी’ नसतो. तिथे हँडब्रेक ओढून, गाडी गिअरमध्ये ठेवूनच इंजिन बंद करा.

चावी हाती देताना शोरूमनेच हे चढावर करून दाखवायला हवं. रॅम्पखालच्या गल्लीत मुलं खेळत असतात. गाडी घसरली, तर प्रश्न गिअरबॉक्सच्या खर्चापुरता राहत नाही.