राज्यपालांची मुदत आणि मराठवाड्याचा हक्क



राजभवनात कोण आला आणि कोण गेला, याची चौकशी घनसावंगीच्या बाजारात कोणी करीत नाही. त्यात नवल नाही. ज्या नेमणुकीत आपले मत कोणी विचारले नाही, तिचे अप्रूप मतदारास कोठून असावे? परंतु हे औदासीन्य आपणांस परवडणारे नाही. कारण मराठवाड्याच्या हक्काची एक किल्ली घटनेने त्याच राजभवनात ठेविली आहे.

थोडा इतिहास पाहू. पूर्वी अंबड तालुक्यात असलेला हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. दि. २६ जानेवारी १९५० रोजी घटना अमलात आली, तेव्हा हैदराबाद राज्याचे प्रमुख म्हणून राजप्रमुखपदी खुद्द निजाम मीर उस्मान अली खान हेच बसले, आणि ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत राहिले. दुसऱ्या दिवशी मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. त्या वेळी मुंबईचे सरन्यायाधीश छागला हे हंगामी राज्यपाल होते. डिसेंबरात श्रीप्रकाश आले, व १ मे १९६० रोजी तेच महाराष्ट्राचे पहिले राज्यपाल झाले. वंशपरंपरेने आलेला प्रमुख गेला, नेमलेला प्रमुख आला.

राज्यपाल निवडून यावा की नेमला जावा, हा वाद घटना समितीत मे १९४९ च्या अखेरीस झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे प्रतिपादन असे होते की, ज्याला स्वतःच्या मर्जीने करावयाची सत्ताच नाही, ज्याचे पद शोभेचे आहे, त्याच्यासाठी निवडणुकीचा खटाटोप व्यर्थ होय. मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने त्याने चालावे, हे त्यात गृहीत होते.

कायद्याने राज्यपालाची मुदत पाच वर्षे. पण त्याच १५६ व्या अनुच्छेदात ती राष्ट्रपतींच्या मर्जीखाली आहे. परिणाम काय झाला पाहा. महाराष्ट्र स्थापन झाल्यापासून २०२५ पर्यंतच्या नियुक्त राज्यपालांत पाच वर्षांचा टप्पा ओलांडणारे अली यावर जंग, पी. सी. अलेक्झांडर आणि विद्यासागर राव हे तिघेच. अलेक्झांडर १९९३ ते २००२ अशी साडेनऊ वर्षे राहिले. सुब्बरायन १९६२ मध्ये सहा महिने पुरे होण्यापूर्वीच पदावर असता निवर्तले. केंद्रात सत्ता बदलली एवढ्याच कारणास्तव राज्यपालास काढता येणार नाही, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. तरीही २०१४ च्या सत्तांतरानंतर शंकरनारायणन यांची मिझोरामला बदली झाली आणि त्यांनी राजीनामा दिला. जो स्वतः मर्जीवर टांगलेला आहे, तो निर्भयपणे कर्तव्य कसे बजावणार?

आणि कर्तव्य तर आहे! १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीतून आलेल्या, आणि आज महाराष्ट्रास लागू असलेल्या, ३७१ व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडाने शोभेच्या पदास एक खरे काम दिले. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांसाठी विकास मंडळे, निधीचे न्याय्य वाटप, तंत्रशिक्षणाची व राज्याच्या नोकऱ्यांत पुरेशी संधी, यांची विशेष जबाबदारी राष्ट्रपती राज्यपालांवर सोपवू शकतात. ज्याला जमीन नाही, त्याला शिक्षण आणि नोकरी याखेरीज दुसरा आधार कोणता? म्हणून हे कलम दलित-पीडितांचेही कलम आहे.

या कलमास कृतीत उतरावयास १९९४ उजाडले. दांडेकर समितीने १९८४ मध्येच राज्याचा अनुशेष ३,१८६ कोटी ७७ लक्ष रुपये ठरविला होता. त्यांपैकी मराठवाड्याचा ७५० कोटी ८५ लक्ष. निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ च्या स्थितीवर हिशेब केला, तेव्हा मराठवाड्याचा आकडा ४,००४ कोटी ५५ लक्ष झाला. दोन्ही समित्यांची मोजपट्टी एक नव्हती, हे खरे. पण दहा वर्षांनंतरही देणे फिटले नव्हते, हेही तितकेच खरे.

मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि ती वाढविली गेली नाही. पुढे मंत्रिमंडळाने विधान परिषदेसाठी सुचविलेली बारा नावे राज्यपालांकडे पडून राहिली. तेव्हा मार्च २०२१ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले की, ती बारा नावे जाहीर होतील त्या दिवशी मंडळेही जाहीर होतील. एका बाजूने नावे अडविली, दुसऱ्या बाजूने मंडळे अडविली. आणि मध्ये मराठवाडा ओलीस राहिला. पुनर्रचनेचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तो सप्टेंबर २०२२ मध्ये.

आमचे म्हणणे एवढेच. राज्यपालाची मुदत आणि मंडळाची मुदत, दोन्ही कायद्याने निश्चित असाव्यात, मर्जीने नव्हे. मंडळाच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे यावा, असे घटनाच सांगते. तो आला काय, हे आपल्या आमदारास विचारा. राज्यपालास अर्ज करा. पण अर्जात दया मागू नका, अनुच्छेदाचा क्रमांक लिहा. दान मागणाऱ्यास दात्याच्या मर्जीची वाट पाहावी लागते. हक्क सांगणाऱ्याने ती पाहू नये.