अ‍ॅनिमेतली बेनिओ आणि मुंबईच्या रखमाबाई
‘हाइकारा-सान’ या १९७८च्या जपानी अ‍ॅनिमेतली बेनिओ घरच्यांनी परस्पर ठरवलेल्या लग्नाला कडाडून विरोध करते. पुढे त्याच मुलाच्या प्रेमात पडते. सोयीचं कथानक! मुंबईच्या रखमाबाईंना ही सोय नव्हती. अकराव्या वर्षी लग्न झालं, पण त्या नांदायला गेल्या नाहीत. नवऱ्याने दावा लावला. १८८७मध्ये कोर्टाने बजावलं: नांदा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८मध्ये तडजोड झाली, त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या.

पोलादपूरजवळच्या कापड्यातल्या मुलीला आज कायद्याचा आधार आहे. लग्न १८ वर्षांआधी लावलं असेल, तर वयाची २० वर्षं पूर्ण होईपर्यंत ते रद्द करण्यासाठी तिला जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो. लागलंच नसेल, तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करावा.