मुख्य शाखा : पुणे

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला सहसा राग येत नाही. आलाच तर तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबतो. पण गेल्या वर्षी 27 फेब्रुवारीला मला भर काउंटरवर राग आला, आणि त्याची नोंद कुठेतरी व्हावी म्हणून हे लिहितो आहे.

‘मराठी भाषा गौरव दिन साजरा करून फोटो पाठवावेत’ असं परिपत्रक वरून आलं. आमच्या बँकेचं नाव सांगत नाही. वेतनवाढीचा महिना जवळ आहे. परिपत्रकाचा सगळा भर फोटोंवर होता, आणि फोटोला पाहुणा लागतो. तेव्हा पुण्याहून लातुरात जावयाकडे आलेले एक निवृत्त गृहस्थ धरून आणले. माणूस सज्जन. शाल अंगावर पडताच त्यांनी चाळीस मिनिटं आम्हाला समजावलं, की महाराष्ट्राची संस्कृती पाहायची असेल तर पुण्याला यावं. भाषा तिथली, नाटक तिथलं, गाणं तिथलं, ताटात चटणी-कोशिंबिरीची जागा कुठली हेही तिथंच ठरलेलं. बाकी महाराष्ट्रात दिसतं ते त्याचंच थोडं बिघडलेलं रूप. एवढ्यात आमचा शिपाई फोनवर कुणाला तरी म्हणाला, “येलालाव, येलालाव!” पाहुण्यांनी खिशातून डायरी काढली आणि दुर्मिळ पक्षी दिसल्यासारखी त्याची नोंद केली. वर म्हणाले, “तुमची बोली गोड आहे हं!”

बिघडलेलं रूप मी सोसलं होतं. हे ‘हं’ काही सोसलं नाही.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. संस्कृतीतलं मला कळत नाही, खातेवही कळते. तेव्हा खातेवहीच उघडू. मराठीच्या खात्यात पहिल्या ठेवी कुणी भरल्या? मुकुंदराजांची समाधी आमच्या अंबाजोगाईला. ज्ञानेश्वरांचं मूळ गाव पैठणजवळचं आपेगाव. नामदेव नरसीचे, जनाबाई गंगाखेडची, गोरोबाकाका तेरचे, रामदास जांबचे, आणि एकनाथ तर खुद्द पैठणचे. पुण्याच्या बाजूनं देहूचे तुकोबा मोठ्या रकमेचे खातेदार, ते मी नाकारत नाही. हिशेब म्हणजे हिशेब. पण ठेवी खेड्यातल्या शाखेत गोळा करायच्या आणि कर्ज शहरात वाटायचं, ही आमच्या धंद्यातली रीत साहित्यातही आहे हे मला त्या दिवशी कळलं.

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. भाषा जुनी आहे हे दिल्लीला पटवायला पुढे काय केलं? ‘गाथासप्तशती’. ती हाल सातवाहनाच्या नावावर, आणि सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आमचं पैठण. समारंभाला नेसायला पैठणीही आमचीच. म्हणजे पुरावा पैठणचा, लुगडं पैठणचं, आणि त्या लुगड्यातल्या बाईनं तोंड उघडलं की “गोड आहे हं!”

पुण्याचं मराठी प्रमाण कसं झालं, याची कथा मोठी मजेची आहे. पेशव्यांची गादी तिथं होती हे खरंच. पण गादी गेल्यावर इंग्रजांनी शाळा काढल्या, शाळांना पुस्तकं लागली, आणि त्या पुस्तकांतलं मराठी तपासायला पुण्यात कोण बसलं होतं? मेजर थॉमस कँडी. मोल्सवर्थच्या 1831 सालच्या कोशाच्या कामातही हे साहेब होते. आज ज्या स्वल्पविरामापाशी पुणेकर ऐटीत थांबतो, तो मराठीत रुळवण्यातही या साहेबांचा मोठा हात. शुद्ध मराठीवर सही-शिक्का साहेबाचा आणि रुबाब सदाशिव पेठेचा!

त्या वेळी आम्ही कुठे होतो? निजामाच्या राज्यात. माझे आजोबा उर्दूत शिकले. 1918 साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. आमची सुटका 17 सप्टेंबर 1948 ची, मुंबई राज्यात आलो 1956 साली. पेपर फुटून, सोडवून, तपासून झाल्यावर आम्हाला वर्गात घेतलं आणि पहिल्याच दिवशी विचारलं, उच्चार असा का? आमच्या बोलण्यात उर्दू फार, असंही पाहुणे म्हणाले. मी त्यांना पासबुक दाखवायला हवं होतं. जमा, खर्च, बाकी, तारीख, रक्कम, वसूल. यातला एकही शब्द संस्कृतातून आलेला नाही, आणि यांच्याशिवाय लक्ष्मी रोडवर एक दुकान उघडणार नाही.

तशी पुण्याची माणसं आमच्या मुलखात येतच नाहीत असं नाही. 1760 साली सदाशिवरावभाऊ उदगिरास आले होते, निजामाला हरवून गेले. साहित्य संमेलन उदगीरला यायला मात्र 2022 साल उजाडलं.

हे सगळं मी दुपारी डबा खाताना आमच्या कॅशियरला ऐकवलं. कॅशियर बिदरकडचे, घरी कानडी बोलणारे. मी जोरात होतो. म्हटलं, “पुण्याचं काय सांगता! राष्ट्रकूट सम्राट स्वतःला लत्तलूरचे अधिपती म्हणवायचे. लत्तलूर म्हणजे हेच लातूर. खरी संस्कृती इथली!”

त्यांनी शांतपणे ताक संपवलं. म्हणाले, “त्यांच्यातला अमोघवर्ष. त्याच्या दरबारातला नवव्या शतकातला ‘कविराजमार्ग’ हा ग्रंथ. कुठल्या भाषेत आहे?”

कानडीत होता.

“त्यात कन्नड देश कुठून कुठपर्यंत सांगितलाय माहीत आहे? कावेरीपासून गोदावरीपर्यंत.” म्हणजे मी जेवत होतो ती शाखाही त्यात आली. “आणि अस्सल कानडी कुठलं म्हणतो? पट्टदकल, कोप्पळ, लक्ष्मेश्वर या टापूतलं.”

“आणि लातूरचं?”

“त्या यादीत नाही.”

अकराशे वर्षांपूर्वी ज्यांच्या बिरुदात आमचं गाव होतं, त्यांच्याच ग्रंथानं आम्हाला अस्सलमधून वगळलं होतं. घरी आलो, तर बायको नांदेडची. तिचा गुरुद्वारा, तिची गोदावरी. “मराठवाडा म्हणजे लातूर असं कुणी ठरवलं?” तिनं पोळी लाटता लाटता विचारलं. “करलालास, जालालास. आमच्यात असलं कुणी बोलत नाही.” आणि हसली. पाहुण्यांसारखीच हसली.

आता एक गोष्ट सांगतो, ती खातेवहीच्या कुठल्या बाजूला लिहावी मला कळलेलं नाही. त्याच जूनमध्ये मुलगी शिकायला पुण्याला गेली. स्टेशनवर गाडी हलायच्या आधी मी, हे वरचं सगळं भाषण करणारा मी, खिडकीशी वाकून तिला म्हणालो, “तिथं ते लाव-लास काढू नकोस तोंडातून. नीट ‘करते आहे’ म्हणायचं.” पोरगी आज्ञाधारक. दोन महिन्यांत फोनवर म्हणायला लागली, “बाबा, मी उद्या फोन करते हं.”

डिसेंबरात येळवस आली. मार्गशीर्षातली अमावस्या, त्या दिवशी सगळं लातूर शेतात जातं, गंजगोलाईला येऊन मिळणाऱ्या सोळाही रस्त्यांवर शुकशुकाट. पुण्याच्या कॉलेजला त्या दिवसाची सुट्टी असण्याचं कारण नाही. शेतातून परतल्यावर बायकोनं भज्जी आणि बाजरीचे उंडे डब्यात भरले, मी रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे डबा दिला. (आंबील पाठवायची होती. ड्रायव्हर नको म्हणाला.)

दुसऱ्या दिवशी फोन आला. खोलीतल्या मुलींनी डबा चाटूनपुसून संपवला होता.

“काय म्हणाल्या?”

“गोड आहे म्हणाल्या.”

“भज्जी?”

“भज्जी नाही. येळवशीचं सांगताना मी आपल्यासारखं बोलत गेले, ते.”

मला काय बोलावं सुचेना. तीही थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “बाबा, डबा परत पाठवू का इथंच ठेवू?”

“ठेव,” मी म्हणालो.