शस्त्र कोणीं उचलावें, कोणीं ठेवावें ?

गतांकीं याच सदरांत आम्हीं असें प्रतिपादन केलें होतें कीं, आपल्या देशांतील प्रत्येक तरुणास दोन वर्षांचें लष्करी शिक्षण सक्तीचें करावें. तेणेंकरून त्याच्या अंगीं शिस्त बाणेल व देशही बलवान् होईल. त्या लेखावर बरींच अनुकूल पत्रें आलीं व तीं वाचून आम्हांस संतोष झाला, हें कबूल केलें पाहिजे. परंतु एक पत्र निराळें होतें. तें एका वृद्ध बाईंचें असून त्यांत चारच ओळी होत्या. "रा. रा. मास्तर यांस सा. न. वि. वि. आपला लेख वाचला. माझे धाकटे दीर आपण होऊन सैन्यांत गेले होते. १९७१ च्या लढाईंतून ते परत आले नाहींत. आपल्या घरचे किती मुलगे सैन्यांत आहेत, तें कृपा करून कळवावें."

उत्तर दोन शब्दांचें आहे : एकही नाहीं. तें पत्र आम्हीं रात्रीं जेवणें झाल्यावर माजघरांत मोठ्यानें वाचून दाखविलें. सूनबाई उद्यांची भाजी निवडीत होत्या, त्यांचा हात थांबला. आमच्या नातवास यंदा सतरावें वर्ष लागलें आहे. तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही लिहिलंत तें माझ्याविषयींच ना ?" आम्हांस त्या वेळीं उत्तर सुचलें नाहीं. लिहितांना 'प्रत्येक तरुण' या शब्दांत आपला नातू येतो, हें आमच्या ध्यानींच आलें नव्हतें. सबब तोच विषय आज पुन्हां हातीं घेत आहों.

आमचा जन्म व्याकरण शिकविण्यांत गेला, तेव्हां त्याच वाटेनें जाऊं. 'उचलणें' हें साधें क्रियापद. 'उचलविणें' हें प्रयोजक. प्रयोजकांत काम एक करतो व करवून घेणारा दुसराच असतो. सक्तीची सैन्यभरती म्हणजे दुसऱ्याच्या मुलाकडून शस्त्र उचलविणें. आणि ज्या निःशस्त्रीकरणाची चर्चा जगांत शंभर वर्षांहून अधिक काळ चालली आहे, त्याचा अर्थही बहुधा दुसऱ्या राष्ट्राकडून शस्त्र खालीं ठेवविणें असाच होत आला आहे. हे दोन प्रश्न वरवर परस्परविरुद्ध दिसतात, परंतु मुळांत दोहोंतही विचारावयाचें एकच : करवून घेणारास तो नियम लागू आहे कीं नाहीं ?

सर्व प्रजेस युद्धासाठीं पाचारण करण्याची आधुनिक कल्पना फ्रान्सची. राज्यक्रांतीवर शत्रू चालून आले तेव्हां, १७९३ सालीं, ती अंमलांत आली. प्रशियानें १८१४ सालीं तसाच कायदा केला व पुढें युरोप खंडांतील बहुतेक राष्ट्रें त्या मार्गानें गेलीं. नियम सर्वांस सारखा, असें म्हणावयाचें; पण अमेरिकेंतील यादवी युद्धांत, १८६३ सालीं, तीनशें डॉलर भरणारास भरतींतून सुटका मिळे. ज्यांच्यापाशीं ते डॉलर नव्हते त्यांनीं न्यूयॉर्क शहरांत मोठा दंगा केला, आणि त्यांचा राग निघाला तो मात्र निरपराध कृष्णवर्णीय रहिवाशांवर. पुढें व्हिएतनामच्या युद्धांत कॉलेजांत शिकणारांची भरती लांबणीवर टाकतां येत असे. म्हणजे ज्या सुशिक्षित वर्गांत आमचे वाचक व आम्ही मोडतों, त्याच वर्गास तेथें पळवाट मोकळी होती. बाईंच्या पत्रांतील प्रश्न तिकडेही कोणी ना कोणी विचारलाच असेल.

याच्या उलट एक उदाहरण आहे. पहिल्या महायुद्धांत, जानेवारी १९१६ मध्यें, ब्रिटननें सक्तीच्या भरतीचा कायदा केला. ऑस्ट्रेलियाचे मुख्य प्रधान ह्यूज यांस तसेंच करावयाचें होतें. परंतु त्यांनीं तो प्रश्न लोकांच्या मतास टाकला. तेथील गोऱ्या स्त्रियांस १९०२ पासून मताधिकार असल्यामुळें, ज्यांचे मुलगे जावयाचे त्या आयांसही विचारलें गेलें. ऑक्टोबर १९१६ मध्यें सुमारें बहात्तर हजारांच्या मताधिक्यानें लोकांनीं 'नको' म्हटलें. डिसेंबर १९१७ मध्यें पुन्हां विचारलें, तेव्हां तें मताधिक्य एक लाख सहासष्ट हजारांवर गेलें. तथापि तो देश रणांतून पळाला नाहीं. सुमारें पन्नास लाख वस्तीच्या त्या देशांतून चार लाखांवर माणसें आपखुषीनें सैन्यांत गेलीं, व त्यांतील साठ हजारांच्या आसपास परत आलीं नाहींत. 'नको' हा शब्द लढण्यास नव्हता, सक्तीस होता.

आतां निःशस्त्रीकरणाकडे वळूं. १९१९ च्या व्हर्सायच्या तहानें जर्मनीचें सैन्य एक लाखावर आणलें व तेथील सक्तीची भरती बंद करविली. सर्वच राष्ट्रांच्या शस्त्रांस मर्यादा घालण्याचा आरंभ व्हावा म्हणून हें करावयाचें, असें तहांत नमूद होतें. आरंभ झाला, पण पुढचें पाऊल पडलें नाहीं. फेब्रुवारी १९३२ मध्यें जिनिव्हा येथें आर्थर हेंडरसन यांच्या अध्यक्षतेखालीं सुमारें साठ राष्ट्रांची परिषद भरली. कोणतें शस्त्र चढाईचें व कोणतें बचावाचें, यावरच वाद माजला. शेजाऱ्याची तोफ चढाईची व आपली बचावाची, असें प्रत्येकास वाटे. ऑक्टोबर १९३३ मध्यें हिटलरच्या जर्मनीनें परिषद सोडली आणि मार्च १९३५ मध्यें सक्तीची भरती पुन्हां सुरू केली. हिटलरच्या पापाचें खापर आम्ही जिनिव्हावर फोडीत नाहीं. परंतु इतरांनीं आपलें वचन पाळलें असतें, तर निदान ती सबब तरी त्याच्या हातीं लागली नसती.

म्हणून शस्त्र सर्वथा टाकून द्यावें काय ? १९२६ सालीं सक्तीच्या भरतीविरुद्ध एक जाहीरनामा निघाला. त्यावर महात्मा गांधी, रवींद्रनाथ ठाकूर व आईन्स्टाईन यांच्या सह्या होत्या. पण १९३३ सालीं, जर्मनींत काय चाललें आहे तें पाहून, आईन्स्टाईन यांनींच लिहिलें कीं, आपण बेल्जियमचे नागरिक असतों तर लष्करी चाकरी नाकारली नसती. पुष्कळ शांतिवादी त्यांच्यावर रुष्ट झाले. आम्हांस त्यांत तत्त्वच्युति दिसत नाहीं. दरोडेखोर दारांत उभा असतां अहिंसेवर व्याख्यान देणें सोपें, घर राखणें कठीण.

तरीही शस्त्रें खालीं ठेवलीं जातात, हेंही खरें आहे. १९८७ सालीं अमेरिका व सोव्हिएट रशिया यांनीं मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांविषयीं करार केला व १९९१ पर्यंत दोघांनीं मिळून २,६९२ क्षेपणास्त्रें नष्ट केलीं. एकाचे निरीक्षक दुसऱ्याच्या तळांवर जाऊन स्वतः पाहात, म्हणून तें घडलें. २०१९ मध्यें तो करार मोडला, ही खेदाची गोष्ट. रासायनिक शस्त्रांचा करार १९९७ मध्यें अंमलांत आला. भारतानें आपला साठा स्वतः जाहीर करून २००९ पर्यंत नष्ट केला, आणि सभासद राष्ट्रांनीं जाहीर केलेला सुमारें बहात्तर हजार टनांचा एकंदर साठा जुलै २०२३ मध्यें संपला. येथें 'तूं ठेव' असें कोणी म्हटलें नाहीं. 'मी ठेवतों, तूंही ठेव, आणि दोघेही पाहूं' असें म्हटलें. व्हर्साय व हा करार यांत भेद आहे तो एवढाच, पण तोच सर्व कांहीं आहे.

आज युरोपांत जुना प्रश्न पुन्हां दारीं आला आहे. लिथुएनियानें २०१५ मध्यें व स्वीडननें २०१७ मध्यें बंद केलेली सक्तीची भरती पुन्हां सुरू केली. त्यांच्या शेजारचें भय खोटें आहे असें दुरून म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. आमच्या देशांत सैन्य आजवर आपखुषीचें आहे. आमच्या राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमानें सार्वजनिक कार्यासाठीं सक्तीची सेवा घेण्याची मुभा राज्यास ठेविली आहे. पण तींत केवळ धर्म, वंश, जात वा वर्ग यांवरून भेद करूं नये, अशी अट घातली आहे. घटनाकारांनीं प्रयोजकाचें व्याकरण ओळखलें होतें, असें आम्हांस वाटतें.

तेव्हां बाईंस आमचें उत्तर असें. आमच्या घरचा एकही मुलगा सैन्यांत नाहीं. म्हणून गतांकींचें 'सक्तीचें करावें' हें वाक्य आम्ही परत घेतों. पुढेंमागें देशावर प्रसंग येऊन सक्ती करावी लागली, तर तिची सुरुवात ती मागणारांच्या घरापासून व्हावी, एवढेंच आमचें मत आतां उरलें आहे. नातवास आम्हीं सांगितलें कीं, तुझ्या आयुष्याविषयीं तुला न विचारतां आम्हीं लिहिलें, ती आमची चूक. तो पुढील वर्षीं अठराचा होईल. जावयाचें कीं नाहीं, तें तो ठरवील. त्याच्या आईस मात्र त्यानें विचारावें, असें आम्हीं त्यास सुचविलें आहे.